बागेखालचे शोषचर तुंबलेत, आता सगळी बाग उकरायची का?

वाचकांचे प्रश्न : घर आणि बाग

या वेळचा सगळा स्तंभ एकाच विषयाला दिलाय. सेप्टिक टँकचं पाणी जिथे मुरतं ती जमीन बऱ्याच घरांत बागेच्याच खाली असते, ती बिघडली की माणसं आधी घाबरतात, मग घाईघाईत खर्च करतात आणि काही वर्षांनी परत तोच प्रश्न घेऊन बसतात. ते टाळता यावं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं घर गटारलाइनला जोडलेलं नाही, सेप्टिक टँक आहे आणि त्याचं पाणी मागच्या बागेखालच्या खडी भरलेल्या चरांमधून जमिनीत मुरतं, असे चार चर आहेत म्हणे. घर घेतलं तेव्हापासून ही व्यवस्था आहे, बरीच जुनी असणार. हल्ली बागेच्या एकाच पट्ट्यात गवत भलतंच हिरवं आणि उंच वाढतंय, तिथे पाय रुततो, वास येतो, आणि खालच्या बाथरूमचं पाणी बुडबुड करत हळूहळू उतरतं. टाकी दोनदा उपसून घेतली, काही दिवस बरं वाटतं मग पुन्हा तेच. एक कंत्राटदार म्हणतो सगळं उकरून नवीन टाका, दुसरा म्हणतो जिवाणूंची पावडर टाका आपोआप मोकळं होईल. वर गुलाब आहेत, भाजीचे वाफे आहेत, एक मोठं अंजिराचं झाड आहे, हे सगळं आम्ही हातांनी उभं केलंय. खरंच सगळं उकरावं लागेल का?

उत्तर : इतक्यात काहीही उकरू नका. तुमच्या पत्रात "एकाच पट्ट्यात" असं आलंय ना, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यावर येतेच, पण आधी खाली नक्की काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे त्या दोघांपैकी कोणाचं किती ऐकायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

टाकीत पाणी स्वच्छ होत नाही, फक्त निवळतं. जड असेल ते गाळ होऊन तळाला बसतं, तेलकट चिकट असेल ते वर सायीसारखं जमतं, आणि मधलं गढूळ पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपातून चरांकडे निघतं. ते पाणी दिसायला बरं असलं तरी त्यात रोगजंतू, अमोनिया, विरघळलेली घाण सगळं असतं. खरी सफाई माती करते. भोकं पाडलेल्या पाइपातून पाणी खडीत उतरतं, खडीतून मातीत, आणि जिथे खडी संपून माती सुरू होते तिथे जिवाणूंचा एक काळा बुळबुळीत थर धरतो. हा थर थोडा असला तर चांगलाच, कारण तो पाण्याला धीमं करतो आणि खालच्या मातीत हवा खेळती राहिली की तिथले जिवाणू घाण खाऊन टाकतात. बिघडतं कधी, तर टाकीतला गाळ किंवा तेलकट भाग वाहून चरात यायला लागला, नाहीतर पाणीच इतकं यायला लागलं की माती कधी कोरडी होत नाही. मग हवा संपते, थर जाड होत जातो, आणि एक दिवस असा येतो की मातीला दिवसभरात जेवढं पिता येतं त्यापेक्षा घरातून येणारं पाणी जास्त होतं. जादाचं पाणी कुठेतरी जाणारच, ते बागेत वर येतं किंवा उलटं घराकडे चढतं. तुमच्याकडे दोन्ही सुरू झालंय.

टाकी उपसल्यावर काही दिवस बरं का वाटतं तेही यातच आलं. समजा टाकी ३००० लिटरची आहे आणि घरातून रोज ६०० लिटर पाणी येतं, तर टाकी पुन्हा भरेपर्यंत ५ दिवस चरांकडे थेंबही जात नाही, त्यांना तेवढी सुट्टी मिळते, साचलेलं पाणी थोडं मुरतं. दुखणं जागच्या जागीच राहतं.

आता शोध घ्या. पुढच्या वेळी टँकर बोलवाल तेव्हा नुसतं उपसून पाठवू नका, स्वतः उभं राहून बघा. उपसण्याआधी झाकण उघडल्यावर पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी टेकलेली असेल तर ते नॉर्मल आहे. त्याच्या वर असेल तर पुढे पाणी जात नाहीये. त्याच्या बरीच खाली असेल तर टाकीच कुठेतरी गळतेय. मग उपसत असताना त्या बाहेर जाणाऱ्या पाइपाकडे लक्ष ठेवा, चरांकडून टाकीत पाणी उलटं येतंय का? थोडं येऊन थांबलं तर ठीक, पण धारच लागली आणि थांबेना तर चर काठोकाठ भरलेत असं समजा.

टाकी रिकामी असतानाच बाहेरच्या तोंडाचा टी-पाइप किंवा आडवी भिंत शाबूत आहे का बघून घ्या. वरची साय आणि खालचा गाळ अडवून फक्त मधलं पाणी जाऊ द्यायचं हे त्याचं काम. जुन्या सिमेंटच्या टाक्यांमध्ये ही भिंत वायूंनी कुजून गळून पडते, कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि वर्षानुवर्षं चिकट घाण थेट चरात जात राहते. माझ्या मते चर मरण्याचं हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण आहे. टी-पाइप बदलणं छोटं काम आहे, सोबत तिथे जाळीचा फिल्टर बसवून घ्या, वर्षातून एकदा धुवायचा, बस. हे न करता नवीन चर टाकले तर तेही याच वाटेने जातील.

त्यानंतर वाटणीचा चेंबर. टाकीतून आलेलं पाणी चार चरांत सारखं वाटणारा हा छोटा डबा असतो, बहुतेक वेळा मातीखाली गाडला गेलेला. जमीन खचून तो एका बाजूला कलला की सगळं पाणी एकाच पाइपात जातं, तो चर बुडतो आणि बाकीचे तीन कोरडे बसून राहतात. म्हणून मी "एकाच पट्ट्यात" वर अडले. चेंबर शोधा, झाकण काढा, पाणी सोडून बघा कुठल्या तोंडात किती जातंय. कललेला असेल तर तो सरळ करून पाया पक्का करायचा, आणि बुडालेल्या चराचं तोंड बूच लावून काही महिने बंद ठेवायचं. हवा लागली की तो काळा थर हळूहळू सुकतो, जिवाणूच तो खाऊन कमी करतात, साधारण ६ महिने ते वर्षभर विश्रांती दिली तर चर बऱ्यापैकी सावरतात. तोवर उरलेले तीन चर काम करतील, घरात पाणी मात्र जपून वापरायचं.

चेंबर सरळ निघाला तर पाइपात कॅमेरा घालून बघायला सांगा. तुमचं अंजिराचं झाड मला संशयास्पद वाटतं. अंजिराची मुळं पाण्याच्या शोधात लांबवर जातात आणि पाइपाच्या सांध्यातून, भोकांतून आत शिरून जाळं करतात. मुळांनी तुंबलेला एक पाइप तेवढाच बदलता येतो, पण झाड तिथेच ठेवलंत तर मुळं परत येणार, हे मनाची तयारी करून वाचा.

शेवटी घरातलं पाणी. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, २० मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर झडप गळतेय. आवाज न करता गळणारा एक फ्लश दिवसाला शेकडो लिटर पाणी सोडू शकतो, म्हणजे घरात न दिसणारी दोनचार माणसं वाढल्यासारखंच की. छपराचं पाणी किंवा तळघरातल्या पंपाचं पाणी या टाकीला जोडलेलं असेल तर आधी ते तोडा. आणि हा त्रास फक्त पावसाच्या दिवसांत होत असेल तर चर तुंबण्यापेक्षा भूजल वर चढतंय ही शक्यता मोठी, त्याचा इलाज वेगळा आहे, तो पुढे सांगितलाय.

पावडरीचं थोडक्यात : नका टाकू. टाकीला लागणारे जिवाणू रोज घरातूनच येतात, विकत आणून घालायची गरज नसते. काही पावडरी गाळ सुटा करतात आणि तो सुटा झालेला गाळ वाहत जाऊन चरातच बसतो. ॲसिड किंवा विरघळवणारी रसायनं तर अजिबात नकोत, ती भूजलात जातात. एकेकाळी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून चर मोकळे करायचे प्रयोग झाले होते, त्यात मातीची रचनाच मोडते असं दिसून आलं.

एक गोष्ट हात जोडून सांगते. टाकीत उतरू नका, डोकं आत घालून वाकू नका, मोबाइल पडला तरी काढायला जाऊ नका, टाकी रिकामी असली तरीही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास सुरुवातीला येतो पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं आणि तो दोनचार श्वासांत कोसळतो. मग त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, अशा दुर्घटना पुन्हा पुन्हा होतात. मिथेनही असतो, त्यामुळे जवळ काडी पेटवू नका. झाकण गंजलेलं किंवा तडकलेलं असेल तर बाकी सगळं नंतर, आधी झाकण बदला.

प्रश्न : आमचं सगळं तपासून झालं. चारही चर भरलेत, आतला थर जाड झालाय, विश्रांती द्यायला दुसरी जागा जोडलेली नाही. म्हणजे नवीनच टाकायचं. ते जुन्याच जागी उकरून टाकता येतं का, आणि किती मोठं लागतं? दोघांनी दोन आकडे सांगितलेत.

उत्तर : जुन्याच जागी लगेच नको. तिथली माती चिकट झालेली आहे, ओली आहे, दूषित आहे, ती उकरून कुठे टाकायची हाही प्रश्नच. जागा असेल तर नवीन ठिकाणी टाका, आणि मध्ये एक वळवायचा व्हॉल्व्ह बसवून जुने चर तसेच राहू द्या. वर्षभर नवीन वापरायचे, तोवर जुने सुकतील, पुढे गरज लागली तर आलटून पालटून वापरता येतील. चरांचे दोन संच आळीपाळीने वापरणं हा मला सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो, ज्याच्याकडे जागा आहे त्याने दुसरा विचारच करू नये. जागा कमी असेल आणि जुने चर एकमेकांपासून पुरेसे लांब असतील तर दोन जुन्या चरांच्या मधल्या कोऱ्या मातीत नवीन चर बसवता येतात.

आकाराचं म्हणाल तर आकडा मातीला विचारायचा, कंत्राटदाराला नाही. चराच्या खोलीएवढा एक खड्डा घ्या, बाजू खरवडा, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी तळापासून १५ सेंटीमीटर पाणी भरा आणि पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. एका मिनिटाच्या आत उतरलं तर माती इतकी सैल आहे की घाण गाळली न जाताच खाली जाईल. ६० मिनिटांहून जास्त लागली तर साधे चर तिथे चालणार नाहीत. असे खड्डे एकापेक्षा जास्त ठिकाणी घ्या कारण एकाच बागेत माती बदलते, विशेषतः जिथे बांधकामाच्या वेळी भर टाकलेली असते.

नुसत्या पाण्याच्या चाचणीवर थांबू नका. माणसाच्या उंचीएवढा एक खड्डा यंत्राने घ्यायला लावा आणि त्याच्या भिंती बघा, काठावरूनच बघा, आधार न दिलेल्या खोल खड्ड्यात उतरू नका. मातीत राखाडी पट्टे आणि त्यात गंजासारखे तांबूस ठिपके दिसले तर वर्षातल्या काही काळात पाणी तिथपर्यंत चढतं, आज खड्डा कोरडा असला तरी. चराच्या तळापासून त्या खुणेपर्यंत किंवा खडकापर्यंत निदान ६० सेंटीमीटर कोरडी माती हवीच, बऱ्याच ठिकाणचे नियम १२० पर्यंत मागतात. हेच ते गाळणीचं अंतर, यात तडजोड केली की पाणी दिसायला मुरतं पण स्वच्छ होत नाही.

आता हिशोब. काळा थर धरल्यावर सुद्धा माती कायम किती पिऊ शकेल हा आकडा धरायचा असतो, पहिल्या दिवशीचा नाही. जाड वाळूची माती दर चौरस मीटरला दिवसाला ४० लिटरच्या आसपास पिते, मध्यम पोयट्याची २० च्या आसपास, चिकणमाती १० किंवा त्याहून कमी. घरात ५ माणसं आणि प्रत्येकी १२० लिटर धरलं तर रोजचे ६०० लिटर. मध्यम माती असेल तर ६०० भागिले २० म्हणजे ३० चौरस मीटर तळ, चर ६० सेंटीमीटर रुंद असेल तर लांबी ५० मीटर. तेच घर वाळूच्या जमिनीवर असतं तर २५ मीटरमध्ये भागलं असतं आणि चिकणमातीवर १०० मीटर लागले असते. तुम्हाला दोन आकडे का मिळाले ते यावरून कळेल, दोघांनी वेगवेगळी माती गृहीत धरलीय, किंवा कोणीच मोजली नाहीये. मोजलेल्या आकड्यांशिवाय दिलेलं कोटेशन घेऊच नका. आणि माणसं किती धरायची तर आज राहतात तेवढी नाही, घरात किती झोपायच्या खोल्या आहेत त्यावरून धरा, घर उद्या भरू शकतं.

एक लांबलचक चर करण्यापेक्षा तीनचार छोटे चांगले, एक चर ३० मीटरपेक्षा लांब नको, दोन चरांच्या मध्यरेषांत २ मीटरच्या आसपास अंतर. उतार असेल तर चर उताराला आडवे, तळ अगदी सपाट. तळ एका टोकाला खाली गेला की सगळं पाणी तिकडेच पळतं आणि तेवढाच भाग आधी मरतो. खोली शक्यतो कमी ठेवा, ६० ते ९० सेंटीमीटर पुष्कळ झालं, वरच्या थरांत हवा आणि जिवाणू जास्त असतात. पाइपाखाली १५ सेंटीमीटर धुतलेली खडी, १०० मिलिमीटरचा पाइप, वर ५ सेंटीमीटर खडी, त्यावर पाणी आणि हवा जाऊ देणारं कापड. प्लास्टिक अंथरू नका, त्याने हवा बंद होते. खडी धुतलेली आहे का हे ट्रक रिकामा होण्याआधी बघा, भुकटीने भरलेली खडी आली तर ती भुकटी तळाला बसून पहिल्याच दिवशी माती लिंपून टाकते. खडीऐवजी प्लास्टिकच्या कमानीही मिळतात, त्या हलक्या असतात, अवजड ट्रक बागेत आणावा लागत नाही, बाग वाचवायची असेल तर त्यांचा जरूर विचार करा.

आणि एक गोष्ट जी कामाच्या गडबडीत हमखास सुटते, ती म्हणजे ओल्या मातीत खोदू नका. चराच्या खोलीवरची मूठभर माती घ्या, तळहातावर वळा, ३ मिलिमीटर जाडीची वळी न तुटता झाली तर माती अजून ओली आहे, काम पुढे ढकला. अशा मातीत यंत्राच्या बादलीने भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, छिद्रं बंद होतात आणि नवीन चर पहिल्या दिवसापासून आजारी जन्माला येतो. माती कोरडी असली तरी खडी टाकण्याआधी तळ आणि बाजू दाताळ्याने खरवडून घ्या. यंत्र बाजूला उभं राहून खोदेल, चरांच्या जागेवरून जाणार नाही, हे आधीच बोलून ठेवा, जमल्यास दोरी बांधून टाका. माती एकदा दाबली गेली की ती परत सैल व्हायला वर्षं जातात.

माती झाकायच्या आधी एकदा सगळे पाइप उघडे असताना पाणी सोडून वाटणी बघा, फोटो काढा, आणि घराच्या दोन कोपऱ्यांपासून प्रत्येक चराच्या टोकाचं आणि चेंबरचं अंतर मोजून कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक चराच्या टोकाला तळापर्यंत जाणारा एक उभा पाइप झाकणासकट ठेवायला लावा, पुढे कधीही झाकण काढून आत किती पाणी उभं आहे ते बघता येतं, बागेत पाणी यायच्या कितीतरी आधी अंदाज येतो. परवानगी मात्र आधी घ्या, बहुतेक ठिकाणी ती लागतेच आणि तपासणीही झाकण्यापूर्वीच होते.

जुनी टाकी चांगली असेल तर ती बदलायची गरज नाही. तडे, झाकणं, टी-पाइप बघून घ्या म्हणजे झालं.

प्रश्न : आमच्याकडे जागा लहान आहे आणि थोडं खोदलं की पाणी लागतं. आम्हाला काहीच पर्याय नाही का?

उत्तर : आहेत, पण त्या प्रत्येकात पंप येतो, वीज येते आणि देखभाल येते, हे समजून घ्या. पाणी वर असेल तर जमिनीखाली जाण्याऐवजी जमिनीवर जायचं : वाळूचा उंचवटा करून त्यात पाइप घालायचे आणि पाणी पंपाने थोडं थोडं सोडायचं, म्हणजे वाळू आणि खालची माती मिळून हवं तेवढं कोरडं अंतर तयार होतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ डकोटात अशी सुरुवात झाली आणि १९७० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याचं नीट डिझाइन बसवलं गेलं. बागेत तो टेकाडासारखा दिसतो, त्याच्यावर गवत आणि छोटी फुलझाडं छान येतात, मला स्वतःला तो कुरूप वाटत नाही.

जागा कमी असेल तर टाकीनंतर हवा सोडणारं यंत्र बसवून पाणी आधीच बरंचसं स्वच्छ करून घेता येतं, मग काही ठिकाणी चरांसाठी कमी जागेलाही परवानगी मिळते. ठिबकच्या बारीक नळ्या जमिनीत थोड्याच खोलीवर घालून पाणी मोठ्या भागात पसरवणं हाही प्रकार आहे, त्यात झाडांची कमीत कमी उकराउकर होते पण फिल्टर सांभाळावे लागतात नाहीतर नळ्या बंद पडतात. यंत्राचा देखभाल करार कोण करणार, पंप बंद पडला तर अलार्म वाजतो का, वीज गेल्यावर टाकीत किती तास पुरेल एवढी जागा आहे, हे तीन प्रश्न विकणाऱ्याला विचाराच.

आणखी एक, भूजल वर असताना टाकी उपसून पूर्ण रिकामी ठेवू नका. हलकी फायबरची टाकी तर खालच्या पाण्याने वर उचलली जाते आणि पाइप तुटतात.

प्रश्न : काम झाल्यावर वर काय लावायचं? भाजीचे वाफे परत करता येतील का? गुलाब हलवावे लागतील का?

उत्तर : गुलाब काम सुरू व्हायच्या आधी हलवा, झाडं सुस्त असतात त्या ऋतूत, मुळांचा गोळा मातीसकट मोठा घेऊन, आणि चरांपासून बाजूला कायमची नवीन जागा द्या. काम संपल्यावर त्यांना परत वर आणायचा विचार करू नका, खोल जाणारी मुळं आणि दरवेळी आळं करून भरपूर पाणी देणं दोन्ही चरांना नको असतं.

भाजीचे वाफे नाहीत. कंद आणि पालेभाज्या तर मुळीच नाहीत कारण त्या थेट त्या मातीला लागून असतात आणि पाणी वर आलं तर रोगजंतू त्यांच्यावर येतात. उंच वाफे केले तर चालतील का असंही बऱ्याच जणांनी विचारलंय, तेही नको. वर मातीचा जाड थर चढवला की खाली हवा कमी पोचते आणि वाफ्यांना घातलेलं पाणी शेवटी चरांतच उतरतं. सध्या ज्या पट्ट्यात पाणी वर आलंय तिथली भाजी खाऊ नका, मुलांना आणि प्राण्यांना तिथे जाऊ देऊ नका, दोरी बांधा.

वर सगळ्यात चांगलं म्हणजे गवत. लवकर धरतं, मुळं उथळ, पाणी ओढून हवेत सोडतं, माती वाहून जाऊ देत नाही. नुसतं गवत नको असेल तर उथळ मुळांची बहुवर्षायू फुलझाडं, जमिनीवर पसरणारी छोटी झाडं लावा, अशी की ज्यांना फार खोदावं लागत नाही आणि रोज पाणी लागत नाही. खोदताना वरची काळी सुपीक माती वेगळी काढून ठेवली असेल तर ती वरच परत घाला, खालची पिवळी माती वर आली तर काहीच धड उगवत नाही. पहिल्या वर्षात माती थोडी बसते, म्हणून चरांवर किंचित उंच ठेवा म्हणजे खळगे होऊन पावसाचं पाणी साचणार नाही.

मोठी झाडं लांब. साधं लहान झाड असेल तर निदान ३ मीटर, पाण्याच्या मागे धावणारी म्हणजे अंजीर-वडाच्या कुळातली, विलो, बांबू, ही १५ मीटर लांब असावीत. तेव्हा पहिल्या पत्रातल्या अंजिराबद्दल मला स्पष्ट सांगावं लागेल, ते झाड आणि ते चर एकत्र नांदणार नाहीत. फांद्या कापून कलमं करा, बागेच्या दुसऱ्या टोकाला लावा, अंजीर कलमाने सहज येतं, मग जुनं झाड काढा. वाईट वाटेल हे मला कळतं, पण चर दुसऱ्यांदा उकरण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न : चरांवर गाडी लावली तर चालेल का? फरशी टाकून बसायची जागा केली तर?

उत्तर : दोन्ही नाही. गाडीने माती दबते आणि पाइप चिरडतात, फरशीने हवा बंद होते. बसायची जागा बाजूला करा.

प्रश्न : वॉशिंग मशीनचं पाणी, ब्लीच, सिंकमधला कचरा दळणारं यंत्र, यातलं काय चालतं? किती वर्षांनी उपसायचं?

उत्तर : कपडे एकाच दिवशी पाचसहा वेळा मशीन लावून धुऊ नका, आठवड्यात वाटून घ्या, कारण एकदम आलेल्या पाण्याने टाकीत निवळायला वेळच मिळत नाही आणि गाळ पुढे ढकलला जातो. कपड्यांचे बारीक धागे टाकीत नीट बसत नाहीत, म्हणून मशीनच्या नळीला जाळी लावा. घरातल्या नेहमीच्या सफाईपुरतं ब्लीच चालतं, बाटलीच्या बाटली ओतू नका. रंग, टर्पेंटाइन, औषधं, ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड काहीही टाकू नका, वाइप्सच्या पाकिटावर फ्लश करता येतात असं लिहिलेलं असलं तरी. कचरा दळणारं यंत्र या व्यवस्थेवर मी लावू देणार नाही, त्याने गाळ आणि तेलकटपणा दोन्ही वाढतात. तळणीचं तेल थंड करून पुसून कचऱ्यात.

उपसायचं साधारण ३ ते ५ वर्षांनी, पण घरोघरी फरक पडतो, म्हणून वर्षातून एकदा गाळ मोजून घ्या. गाळ आणि साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा झाला की उपसायची वेळ झाली. चर बिघडल्यावर उपसून उपयोग नसतो, बिघडायच्या आधी उपसल्याने ते वाचतात.

प्रश्न : शेजारच्यांची विहीर आमच्या बागेपासून फार लांब नाही. आमचे चर तुंबलेत हे त्यांना सांगावं का? संबंध बिघडतील अशी भीती वाटते.

उत्तर : सांगा, आजच सांगा. वर आलेलं पाणी पावसासोबत वाहत त्यांच्या विहिरीच्या कठड्यापर्यंत जाऊ शकतं, आणि चर भूजलात बुडालेले असतील तर जमिनीखालूनही. विहीर आणि चर यांच्यात बहुतेक ठिकाणी १५ ते ३० मीटर अंतर ठेवायला सांगतात, पण तुमच्या जागेचा नियम बघा आणि उतार त्यांच्याकडे असेल तर जास्तच ठेवा. विहिरीच्या पाण्याची कोलिफॉर्म जिवाणू आणि नायट्रेट या दोन्हींसाठी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, खर्च तुम्ही करा. जिवाणू निघाले तर दुरुस्ती होईपर्यंत पाणी खळखळून उकळून प्या. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट अशी आहे आणि ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांसाठी ठरवलेली आहे, त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमता नायट्रेटने कमी होते. त्यांच्या घरात तान्हं बाळ असेल तर रिपोर्ट यायची वाट न बघता त्याच्यासाठी दुसरीकडचं पाणी वापरायला सांगा. नवीन चर सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तीच तपासणी परत करा आणि दोन्ही रिपोर्ट त्यांना देऊन टाका.